गुत्त्यात न धरलेला तास

आषाढात माठातलं पाणी गार होत नाही. मे महिन्यात ज्या माठाचं पाणी दातांना लागतं, तोच माठ पाऊस सुरू झाला की नुसतं भांडं होऊन बसतो. कूलरचंही तेच. नवतप्यात जो कूलर घर गारठवून टाकतो, तो जुलैत लावला तर अंगाला चिकचिक होते आणि उशी दमट लागते. भंडारा जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण हीच गोष्ट बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या शरीराला लागू पडते, हे मात्र आपल्या बोलण्यात फारसं येत नाही.

माठ गार होतो तो पाझरतो म्हणून. बाहेर आलेलं पाणी वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माणसाच्या अंगाचं यंत्रही असंच चालतं. कुदळ मारताना किंवा गाळाचं टोपलं उचलताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिच्यातला जेमतेम पाचवा हिस्सा कामी येतो. बाकीची सगळी उष्णता होते. ती बाहेर काढायचा कडक उन्हातला एकच खात्रीचा मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून जाते. अट एवढीच, की तो वाळला पाहिजे. जो घाम नुसता टपटप गळतो, त्याने अंगातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र तिथेच राहते.

घाम किती वाळू शकेल, हे मोजायची एक जुनी युक्ती आहे. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा द्यायचा. जो आकडा येतो त्याला आर्द्र तापमान म्हणतात. आपण त्याला ओला पारा म्हणू. आता दोन दिवस शेजारी ठेवून पाहा. मे महिन्यातली दुपार, तापमान ४५ अंश, हवेत १५ टक्के आर्द्रता: ओला पारा येतो साधारण २४. जुलैमधला पावसाने दडी मारलेला दिवस, तापमान ३४, आर्द्रता ७५ टक्के: ओला पारा येतो ३०. ज्या दिवशी वर्तमानपत्रात उन्हाची बातमी नसते, त्या दिवशी घाम वाळायला हवेत जागा कमी असते.

याचा अर्थ मे महिना सोपा, असा काढू नका. आपल्या कातडीचं तापमान ३५ च्या आसपास असतं. बाहेर ४५ असेल तर हवाच आपल्याला तापवते, वरून ऊन आणि खालून जमीन. घाम येतो, पण दिसत नाही, येताक्षणीच वाळतो. त्यामुळे अंगातलं दोन-तीन लिटर पाणी कधी गेलं हे कळत नाही, आणि कळतं तेव्हा डोकं गरगरायला लागलेलं असतं. मे महिना माणसाला सुकवतो, जुलै कोंडून मारतो. दवाखान्यात मात्र पहिल्याला ‘ऊन लागलं’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अशक्तपणा’.

ओला पारा ३५ ला पोचला की स्वस्थ बसलेला माणूसही जास्त वेळ टिकणार नाही, असा शास्त्रज्ञांचा जुना अंदाज होता. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत (ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले) तरुण, धडधाकट माणसांना हलक्याच हालचाली करायला लावल्या, तरी दमट हवेत त्यांचं अंग ३० ते ३१ लाच तापत जाऊ लागलं. रोवणी हे हलकं काम नव्हे. कंबर दिवसभर वाकलेली, पाय कोमट चिखलात, सरीच्या भीतीने पाठीवर प्लास्टिकचा कागद. म्हणजे ज्या पाठीवरून घाम वाळायचा, तीच झाकलेली.

याच जिल्ह्यात एका ठिकाणी ओल्या पाऱ्याला कायद्याने मर्यादा घातली आहे, आणि ती जमिनीच्या खाली आहे. तुमसर तालुक्यात मॉइलच्या मँगनीज खाणी आहेत: डोंगरी बुजुर्गची उघडी खाण, आणि चिखल्याची, जिथे भूमिगत काम चालतं. धातूखाणींसाठीची १९६१ ची नियमावली सांगते की कामाच्या जागी ओला पारा ३३.५ च्या वर जाता कामा नये, आणि ३०.५ ओलांडला की सेकंदाला किमान एक मीटर वेगाने हवा खेळती ठेवली पाहिजे. खाण कंपनीला हा आकडा मोजावा लागतो. त्याच खाणीच्या वरच्या शेतात जुलैत ओला पारा ३० ला टेकतो, तेव्हा मोजणारं कुणी नसतं आणि मोजा म्हणणारा नियमही नसतो.

रोज टीव्हीवर सांगतात तो आकडा मजुराचा नसतोच. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झिलमिलीच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेला असतो. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश नोंदले गेले, ते सावलीतले. (मे २०२४ मध्ये नागपुरातल्याच एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले आणि मोबाइलवर एकच गहजब झाला, हवामान खात्याने नंतर सांगितलं की त्या यंत्राचा संवेदक बिघडला होता.) उन्हात राबणाऱ्यासाठी वेगळं मोजमाप आहे. अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर जवान उन्हाने कोसळू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात ते शोधलं गेलं. त्यात ओल्या पाऱ्याला सात दशांश, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्यातल्या पाऱ्याला दोन दशांश आणि साध्या पाऱ्याला एक दशांश वजन देतात. वरच्याच दोन दिवसांचा हिशेब करू. मे महिन्यात काळा गोळा समजा ६० दाखवतो: उत्तर येतं ३३.३. जुलैत ढगाआडच्या उन्हात तो समजा ४४ दाखवतो: उत्तर ३३.२. म्हणजे नवतपा आणि रोवणी दोन्ही एकाच पायरीवर. ऊन अंगवळणी पडलेल्या माणसाने मध्यम कष्टाचं काम सलग करायचं, तर आंतरराष्ट्रीय मानक २८ ची मर्यादा सांगतं. कतारने २०२१ मध्ये नियम केला, की हा आकडा ३२.१ च्या वर गेला की उघड्यावरचं काम थांबवायचं. कतारचं नाव कामगारांच्या हक्कांसाठी कुणी घेत नाही, तरीही.

आपल्याकडे नियम नसले तरी माणसांचं स्वतःचं घड्याळ होतं, आणि ते शहाणं होतं. मोहफुलं वेचायला लोक पहाटे जातात. तेंदूपानाचा हंगाम एप्रिल-मेचा, पण पानं तोडायची ती तांबडं फुटल्यापासून ऊन चढेपर्यंत. मग घरी येऊन ओसरीवर, सावलीत बसून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी तो संकलन केंद्रावर द्यायचा. उन्हाचं काम आणि सावलीचं काम असे दिवसाचे दोन तुकडे या धंद्यात आपसूकच पडले आहेत. आता कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या आसपास वाघाच्या भीतीने लोक अंधारात जंगलात शिरायला कचरतात. वाघ टाळावा तर ऊन गाठतं.

शेतात आणि बांधकामावर हे घड्याळ बिघडलं, त्याला वाघ जबाबदार नाही. उन्हाळी धानाची कापणी मे महिन्यात येते. अवकाळी पावसाच्या आत धान घरात यायला हवं, म्हणून शेतकरी घाई करतो; त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. पण घाईचं काम रोजीवर देत नाहीत, गुत्त्याने देतात: एवढे एकर, एवढे पैसे. वीटभट्टीवर हजारी दर, तेंदूला शेकडा पुड्यांचा दर, विडीला हजारी दर. विसाव्याचा सगळा प्रश्न इथे येऊन अडतो. गुत्त्यावरच्या बाईला कुणी ‘बसू नको’ म्हणत नाही. ती खुशाल बसू शकते. फक्त बसलेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे तिच्याच पदरातून जातात. आणि ती एकटी बसली तर तिच्या ओळीतलं काम बाकीच्या बायांवर पडतं, म्हणून ती बसतही नाही.

पाण्याचंही तसंच. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावं, असं कामगारांच्या आरोग्याचे जाणकार सांगतात. तहान लागायची वाट पाहू नये. बाया मात्र मुद्दाम कमी पितात. उघड्या बांधीत आडोसा कुठे आहे? दिवसभर लघवी आवरायची म्हणजे सकाळपासून पाणीच आवरायचं, हा हिशेब प्रत्येकीला पाठ असतो. पुरुषांच्या तोंडात खर्रा असला की पाणी पिणं लांबणीवर पडतं, ते वेगळं. गेल्या उन्हाळ्यात एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या गाळाच्या कामावर पाहिलं: बाभळीच्या बुंध्याशी वीस लिटरची एक प्लास्टिकची कॅन, तिला कुणीतरी ओलं पोतं गुंडाळून ठेवलेलं, झाकणावर एकच स्टीलचा पेला. सावलीसाठी बांधलेली हिरवी जाळी एका बाजूने सुटून फडफडत होती आणि तिच्याखाली मुलं नव्हती, मोटारसायकल होती. पोतं गुंडाळणाऱ्याला माठाचं विज्ञान पक्कं माहीत होतं. काम काढणाऱ्याला सावली कुणासाठी असते, ते माहीत नव्हतं.

वास्तविक कामावरची सावली ही महाराष्ट्राचीच देणगी. १९७२ च्या दुष्काळात, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी उभी राहिली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणाऱ्या बाया, झाडाला बांधलेल्या झोळीत लेकरं. त्या अनुभवातून पाणी, सावली, पाळणाघर या गोष्टी १९७७ च्या रोजगार हमी कायद्याच्या अंमलबजावणीचा भाग झाल्या आणि पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्यातही, म्हणजे मनरेगात, आल्या: पिण्याचं सुरक्षित पाणी, मुलांना आणि विसाव्याच्या वेळी सावली, प्रथमोपचार पेटी.

त्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात आणखी एक ओळ होती, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. कामाचे दर असे ठरवा, की माणसाने आठ तास काम केलं, आणि त्या आठांत एक तास विसावा धरला, तरी त्याला पूर्ण मजुरी मिळेल. म्हणजे विसाव्याचा तास दरातच मुरवलेला. माती खोदायचा घनमीटरचा दर काढतानाच तो तास हिशेबात घ्यायचा, म्हणजे मोजमापावर पैसे मिळाले तरी बसणाऱ्याचं नुकसान नाही. कागदावर इतकी समजूतदार तरतूद दुसरीकडे पाहिलेली नाही. पुढे मोबाइल अ‍ॅपवर दिवसातून दोनदा हजेरीचा फोटो आला, २०२३ पासून तो जवळजवळ सगळ्या कामांवर सक्तीचा झाला, आणि पहाटे लवकर येऊन ऊन चढायच्या आत घरी जाण्याची मोकळीक दुसऱ्या फोटोपाशी अडकू लागली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी देणारा नवा कायदा मंजूर केला. दिवस वाढले याची चर्चा झाली. दरात मुरवलेला तो तास नव्या दरपत्रकातही हवा, ही मागणी ग्रामसभेत करायला हरकत नाही.

बाकीचे कायदे छपराखालच्या माणसाकडे पाहून लिहिलेले. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यात रविवारची सुट्टी होती, दुखापतीची भरपाई होती आणि दुपारी अर्धा तास विश्रांती होती. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि मधला अर्धा तास दिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असं पक्कं केलं. बांधकाम मजुरांना १९९६ मध्ये वेगळा कायदा मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या श्रम संहितांमध्ये सामावले आहेत. व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार दिवसाला आठ तास, पिण्याचं पाणी आणि धोक्यापासून मुक्त कामाची जागा ही मालकाची जबाबदारी आहे. ५० हून जास्त कामगार असतील तर विश्रांतीची जागाही. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका दिसला तर कामगार मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो, आणि मालकाने लगेच उपाय करायचा असतो. महामार्गाच्या किंवा पुलाच्या कामावर असाल तर हे कलम लक्षात ठेवा; ते तुमच्यासाठी आहे. मात्र संहिता लागू होते ती दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला. रोवणीचा जथा बारा बायांचा असला, तरी तिथे आस्थापना कुठली आणि मालक कोण? आज एकाची बांधी, उद्या दुसऱ्याची.

उरतो तो सल्ला. दर उन्हाळ्यात पत्रकं निघतात: बारा ते चार उन्हात जाऊ नका. सल्ला आणि हक्क यांत फरक किती, ते खारघरने दाखवलं. १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा उन्हाने बळी गेला. तापमान ४० च्या खालीच होतं, हवा खाडीकाठची दमट होती आणि माणसं तासन् तास उन्हात बसलेली. काही दिवसांतच राज्य सरकारने दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायला मनाई केली. प्रेक्षकांसाठी मनाई निघू शकते, तर त्या मैदानावर मांडव घालणाऱ्यासाठी का नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

विसाव्याने काम बुडतं, ही मालकाची भीती खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही, तपासण्यासारखी आहे. मध्य अमेरिकेत ऊसतोड करणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा एल साल्वाडोरमध्ये एका गटावर पाणी, सावली आणि ठरावीक विसावा यांचा प्रयोग केला. माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. कोयताही बदलला होता, त्यामुळे सगळं श्रेय सावलीला देता येणार नाही. पण तोड कमी झाली नाही, एवढं खरं. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये शेतमजुरांसाठी उन्हाचे नियम केले. आपल्या कामाची गोष्ट मात्र तिथे १ जानेवारी २०१६ ला झाली: नगावर मजुरी मिळणाऱ्याला विसाव्याच्या वेळेचे पैसे नगाच्या दरापेक्षा वेगळे द्यायचे, असा कायदा लागू झाला. रोजगार हमीने दरात मुरवलेला तास आणि हा, दोन्ही एकाच जातीचे.

आणि एवढं करूनही कुणी कोसळलंच तर? खिशातला कांदा कुणाचं वाईट करत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, चिडला, सांगितलेलं कळेनासं झालं, की तो उष्माघात समजा. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असं म्हणू नका. राबणाऱ्याला घामेजलेल्या अंगानेही उष्माघात होतो. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आधी गार करा, मग हलवा: सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, कॅनमधलं, बोडीतलं, मिळेल ते पाणी अंगावर ओता, ओला दुपट्टा मानेला, काखेत, जांघेत लावा, जोरात वारा घाला. एकाने तोवर १०८ ला फोन लावावा. कॅनमध्ये उरलेलं सगळं पाणी संपलं तरी चालेल.

नव्या माणसाकडे जास्त लक्ष ठेवा. उन्हाने होणारे बहुतेक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. घाम लवकर सुटावा, त्यातून मीठ कमी जावं, रक्तातलं पाणी वाढावं, हे बदल व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, आणि काम सुटलं की ते उतरूही लागतात. लग्नसराईत पंधरा दिवस घरी राहिलेली बाई, तापातून उठलेला गडी, सुट्टीत वीटभट्टीवर आलेला कॉलेजचा मुलगा: पहिल्या दिवशी यांच्याकडून पाचवा हिस्साच काम घ्या आणि रोज थोडं वाढवत न्या.

रोवणी जुलैत सुरू होते, पण गुत्त्याचा भाव त्याआधीच, पऱ्हे तयार होत असतानाच ठरतो. बांधावर सावली, आडोसा आणि दुपारचा एक तास या तिन्हींचे पैसे धरूनच एकराचा दर बोला. रोवणी सुरू झाल्यावर तो वाढत नाही.